मोठ्या चाकांची जीप

ज्या गाडीचं कधी काही बिघडत नाही, तिच्या गोष्टी कुणी सांगत नाही. आमच्या दवाखान्याच्या जीपचं दर आठवड्याला काहीतरी बिघडायचं, त्यामुळे आमच्याकडे गोष्टींचा ढीग साचलाय. चार मित्र जमले की एक जण म्हणतोच, "अरे, त्या जीपचं सांग ना!" मी सांगतो. लोक हसतात. शेवटची गोष्ट मात्र मी सहसा सांगत नाही. आज सांगतो.

जीपमध्ये आम्ही तिघं. मालतीबाई, म्हणजे पालघरच्या आमच्या छोट्या दवाखान्याच्या डॉक्टर. दामूदादा, म्हणजे ड्रायव्हर. मूळचा समुद्रकाठच्या दांडी गावचा, अर्धं आयुष्य भावाच्या होडीवर काढलेला. आणि मी. बी.एस्सी. झाल्यावर नोकरी न शोधता इथे आलो. सुया उकळायच्या, औषधं वाटायची आणि बाईंची बोलणी खायची.

तिकडे तारापूरच्या किनाऱ्यावर अणूपासून वीज करण्याचं बांधकाम चाललंय. इकडे डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर आम्हाला क्षयाची सुई वेळेवर पोचवता येत नव्हती. मला या गोष्टीची चीड यायची. अजून येते.

*

आमची जीप लष्कराच्या लिलावातली. पालघरात ती बरी चालायची, पण पाड्याच्या वाटेवर एक ओढा आहे. पावसाळ्यात त्याच्या चिखलात ती हमखास बसायची.

त्या पाड्यावर जेठी राहायची. नवरा लखमा, डोंगरउतारावर त्याचा नाचणीचा तुकडा. जेठीला छातीचा क्षय. दर आठवड्याला सुई हवीच. सुया चुकल्या की आजार पुन्हा डोकं वर काढतो, हे बाईंनी लखमाला इतक्यांदा सांगितलं होतं की तो वार मोजत बसायचा.

एकदा आम्ही ओढ्याच्या मधोमध रुतलो. पाणी चढत होतं, म्हणून आम्ही बाईंना उतरू दिलं नाही. पलीकडच्या काठावर जेठी येऊन उभी राहिली होती. बराच वेळ तिने आमची धडपड पाहिली. मग ओरडली, "बाय, सुई तिकडूनच फेक! मी हात पुढं करते!"

दामूदादा हसला. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. बैलांनी जीप मागे ओढून काढली, सुई तशीच परत आली, आणि बाई म्हणाल्या, "मला दुसरी चाकं हवीत."

*

बोईसर स्टेशनजवळ एका मिस्त्रीची शेड होती. बांधकामावरच्या गाड्यांसाठी तो उत्तरेकडून आला होता. त्याच्याकडे ट्रकचे, खोल नक्षीचे, भले मोठे टायर पडलेले होते.

"डॉक्टरनी जी, ये लगा दूँ तो समुंदर में चला लो!"

दामूदादा म्हणाला, "समुद्रात चालवायला होडी हाय माज्याकडं. मला रस्त्यावर चालवायचीय!"

पण बाईंचं ठरलं होतं. टायर चढले. जीप अशी दिसू लागली, जणू लहान पोराने बापाचे बूट घातलेत. आत चढताना बाईंना साडी सावरणं जमेना, म्हणून आम्ही मासळीची एक टोपली पालथी घालून तिची पायरी केली.

आणि ओढा? जीप ओढ्यातून अशी गेली की चिखल बघतच राहिला! जेठीला सुई मिळाली. लखमाने एका टायरवर हात फिरवला आणि म्हणाला, "हा हत्ती हाय."

*

हत्ती चिखलातून जातो, पण डांबरावर त्याला वळवणं कठीण.

स्टेअरिंग फिरवलं की जीप लगेच ऐकायची नाही. जरा विचार करायची, मग वळायची. सरळ रस्त्यावरसुद्धा या कडेहून त्या कडेला झुलत जायची. मी घाबरलो. दामूदादा मात्र पहिल्यांदाच खूश दिसला.

"होडी अशीच असते," म्हणाला. "सुकाणू आता मारायचं, ती वळते मागनं."

मग तो वळण यायच्या आधीच वळवू लागला. बाई किंचाळल्या, "दामू, रस्ता तिकडे आहे!"

"बाई, गाडी पोचंल तवा रस्ता इकडं आलेला असंल!"

कोळगावजवळ एक गाडीवान रोज भेटायचा. आमची जीप लांबून झुलत येताना दिसली की तो बैलगाडी सरळ शेतात उतरवायचा. एकदा जीप बंद पडून झाडाखाली उभी होती. बॉनेट उघडं, दामूदादा खाली झोपलेला. तरी गाडीवानाने बैल शेतात घातले!

*

अंगठ्याची गोष्ट तशी लहान आहे.

ओढ्यापलीकडे एका दगडावर पुढचं चाक आदळलं. चाक मोठं, त्यामुळे धक्काही मोठा. स्टेअरिंग दामूदादाच्या हातातून गर्रकन उलटं फिरलं आणि त्याचा दांडा अंगठ्यावर बसला. दामूदादा नुसतं "हं" म्हणाला आणि गाडी चालवत राहिला. पाड्याखाली पोचलो, जेठीला सुई दिली, परत पालघरला आलो. उतरताना बाईंनी पाहिलं, तर अंगठा वांग्यासारखा सुजलेला!

"वाटेत का नाही सांगितलंस?"

"तुमी गाडी मागं फिरवायला लावली असती. मग तिची सुई?"

बाईंनी पट्टी बांधली.  

मिस्त्रीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "अंगूठा अंदर काहे रखते हो? बाहर रखो. आदत हो जाएगी."

सवय अशी झाली, की दामूदादा दोन्ही अंगठे बाहेर ठेवून चहाचा पेलाही धरू लागला. त्याची बायको मला म्हणाली, "घरात ताटपन असाच धरतंय. सांडतंय सगला!"

*

आता महत्त्वाचं. पूर्ण वळवलं की ते मोठे टायर मडगार्डला घासायचे. रबर जळाल्याचा वास सुटायचा. मिस्त्रीने उपाय काढला. चाक घासण्याआधीच थांबावं, असा एक अडसर त्याने लावला. घासणं बंद झालं, आणि त्याबरोबर जीपचं अर्धं वळणंही बंद झालं.

हे आम्हाला दांडीत कळलं. दामूदादाने हौसेने, आपल्या गावात आपली गाडी म्हणून, ती थेट वस्तीच्या बोळात घातली. बोळ पुढे वळत होता. जीप वळेना. मागे यावं तर दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. स्टेअरिंग इतकं जड, की दामूदादा उभा राहून ते ओढत होता. शेवटी मागचं चाक बांबूंच्या एका रांगेत शिरलं आणि सगळे बोंबील बाईंच्या मांडीवर!

दामूदादाची चुलती कमरेवर हात ठेवून उभी होती. "काय रं दाम्या, होडी नीट लावता येत होती म्हनून तुला गाडी दिली काय त्यांनी? बाय, तुमी सुया द्या, गोल्या द्या, पन ह्याला न् गाडीला परत आनू नका!"

त्यानंतर आम्ही जीप रेतीवर उभी करायचो आणि चालत वस्तीत जायचो. रेतीत ती छान चालायची. तिला वळायला अख्खा समुद्रकिनारा होता!

*

पाड्याच्या वाटेवर समुद्रकिनारा नव्हता.

ओढा ओलांडला की वाट चढायची आणि एका ठिकाणी एकदम काटकोनात वळायची. एका बाजूला मातीची दरड, दुसऱ्या बाजूला खाली ओढा. वळणाच्या आतल्या कोपऱ्यात दरडीला टेकून वाघदेव. लाकडाचा, वर चंद्र-सूर्य कोरलेले, शेंदूर लावलेला. जीप तिथे वळायची नाही. मागेपुढे करून वळवावी तर मागचं चाक दरीवर लोंबकळायचं. म्हणून आम्ही वळणाखाली थांबायचो आणि जेठी उतरून यायची.

ती यायची तेव्हा ठीक होतं. वाघदेवाच्या शेजारी बसून सुई घ्यायची. एकदा मला म्हणाली, "हा बघतो ना, म्हणून दुखत नाय."

भाद्रपदात तिचं येणं बंद झालं. बाई आणि मी चालत वर जाऊ लागलो. तिच्या खोकल्यातून रक्त पडत होतं. बाईंनी मुंबईच्या एका इस्पितळात खाट मिळवली. पण तिला तिथवर न्यायचं कसं? झोळीत घालून उतरवायचं तर हिसक्यांनी रक्त वाढणार. "तिला दारातून आडवीच उचलून गाडीत ठेवायला हवी," बाई म्हणाल्या.

लखमाने तेवढं पकडून ठेवलं. आम्ही जाऊ तेव्हा तो जेठीला सांगताना दिसायचा, "दारातून गाडीत. पाय खाली ठेवायचा नाय तुला."

*

मला एक कल्पना सुचली. जुनी लहान चाकं बरोबर न्यायची. मोठ्या चाकांनी ओढा ओलांडायचा, पलीकडे चाकं बदलायची, अडसर काढायचा, आणि लहान चाकांवर वळायचं!

बाई म्हणाल्या, "शाबास!" मी हवेत तरंगत होतो.

ओढ्यापलीकडे पाड्यावरच्या लोकांनी आम्हाला चाकं काढताना पाहिलं आणि आपापली कामं सोडून ते गोळा झाले. एक म्हातारा म्हणाला, "याला दर ओढ्याला चपला बदलाव्या लागतात काय?"

चाकं बदलली. जीप वळणावर आली आणि वळली! मी ओरडलो. लखमा पुढे धावत सुटला. आणि वळणापलीकडच्या पहिल्याच ओल्या खाचरात जीप पोटापर्यंत रुतली. लखमाचं घर तिथून दिसत होतं. दारात अंथरुणावर बसलेली जेठीसुद्धा दिसत होती. तिने हात हलवला.

ज्या चाकांनी चिखल पार होत होता ती वळत नव्हती, आणि जी वळत होती ती चिखलात बसत होती. बैल आणले आणि जीप मागे ओढली. दामूदादाने मोठी चाकं परत चढवली.

*

मग पाड्याने ठरवलं, की वळणच कापायचं. आतल्या कोपऱ्याची दरड खणली की मोठ्या चाकांची जीप एका दमात वळेल.

पण कोपऱ्यात वाघदेव.

पाड्याचा भगत म्हणाला, "हलवतो. पन वाघबारशीला. तवाच त्याला विचारता येतं."

वाघबारस म्हणजे दिवाळी तोंडावर आल्यावर! मी भगतावर उसळलो. "माणूस मरतंय आणि तुम्ही तिथी बघताय? तुमच्या देवाला कळत नाही?" बाईंनी मला दंडाला धरून मागे ओढलं.

लखमा रागावला नाही. समजूत घालावी तसं म्हणाला, "दादा, त्याला न विचारता उचलला, तर तो तोंड फिरवंल. मग जेठीला कोन बघंल? तुमी तर आठवड्यातनं एकदा येता."

 

तोवर बाई आठवड्यातून दोनदा पाड्यावर जाऊ लागल्या. आश्विन सरत आला. खोकला वाढत गेला. वाघबारशीला कोंबडा दिला, नारळ फोडला आणि चार माणसांनी वाघदेव उचलून वळणाच्या वरच्या अंगाला, मोकळ्या जागी नेऊन बसवला. त्याच दुपारी कुदळी पडल्या. बाया पाट्यांनी माती वाहत होत्या. लखमा सगळ्यांच्या पुढे, दरडीच्या तोंडाशी.

दामूदादाने वळणावर उभं राहून हात पसरले, नजरेने माप घेतलं. "अजून थोडा. परवा या म्हनता? येतो. परवा वळवतो."

*

ठरल्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. मागच्या फळीवर बाईंनी गादी घातली होती, तिच्यावर धुतलेली चादर. ओढा ओलांडला. वळणावर पाड्यावरची माणसं दोन्ही बाजूंना उभी होती. दरड स्वच्छ कापलेली, तळ चोपून सपाट केलेला. दामूदादाने अंगठे बाहेर काढले, दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं, आणि जीप वळली. एका दमात.

कुणी ओरडलं नाही. मला ते विचित्र वाटलं.

लखमा पुढे आला. जीपच्या पुढे उलटं चालत, हातांनी "ये, ये" करत त्याने दामूदादाला थेट दारापर्यंत नेलं. अंगण ताजं सारवलेलं होतं. बाई उडी मारून उतरल्या, टोपलीच्या पायरीची वाटही न बघता, आणि आत गेल्या. लगेच बाहेर आल्या. आत कुणी नव्हतं.

"काल," भगत हळू आवाजात म्हणाला. "सकाळच्याला. दुपारी माती दिली."

"आणि ही दरड?" बाईंनी वळणाकडे बोट केलं. "खणायची तर राहिली होती ना?"

"संध्याकाळी खणली. लखमा कुदळ घेऊन आला, म्हणून आमीपन आलो."

लखमा तोवर जीपच्या मागे गेला होता. त्याने पाय झाडले, आत चढला आणि गादीच्या कडेला, चादरीला धक्का न लावता बसला. एक हात गादीवर ठेवला.

"चल, दादा," तो दामूदादाला म्हणाला. "हळू ने."

दामूदादाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. आम्ही दोघं मागून चालत निघालो. जीप इतकी हळू चालली होती, की आम्हाला पाय आवरावे लागत होते. खाचर गेलं. वळण आलं. दामूदादाने खूप आधीपासून स्टेअरिंग ओढायला घेतलं.

"वळली?" आतून लखमाने विचारलं.

"वळली," दामूदादा म्हणाला.

"थांब मग."

तो उतरला, चादरीवरची सुरकुती हाताने सारखी केली, आणि पाड्याकडे परत चालू लागला.