दोन गळ्यांचा कार्बोरेटर

आमचे हे तेवीस वर्षं गिरणीत विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. शेकडो माग एकदम खडखडत असताना तिथं शेजारच्या माणसाचा आवाजसुद्धा पोचत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ वाचायला शिकतात. हेही शिकले होते. गल्लीच्या टोकाला उभी राहून मी नुसते ओठ हलवून ‘कोथिंबीर आणा’ म्हटलं तरी कोथिंबीर यायची. पण पाठीमागून हाक मारली तर मान वळायची नाही. ट्रकचा हॉर्न त्यांना ऐकू यायचा, सासूबाईंचं बोलणं नाही. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, असं ते म्हणत.

गिरणीतल्या पाळ्या कमी व्हायला लागल्या तेव्हा यांनी सरळ राजीनामा दिला आणि पंधरा दिवसांनी एक मोटार घेऊन आले. बार्शीच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात ती तुरीच्या पोत्यांमागं उभी होती. त्याच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली विलायती गाडी, सहा सिलिंडरची. सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेतल्या बोळात ती शिरेना, म्हणून बोळाच्या तोंडाशी उभी करावी लागली. गिरणीत लागायच्या आधी यांनी दोन वर्षं ट्रक चालवला होता. आता लग्नाच्या वराती, तुळजापूरला देवीला जाणारी घरं यांच्यासाठी गाडी भाड्यानं द्यायची, असा बेत होता. मी नगरपालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवत होते, तेव्हा चूल पेटती राहील एवढी खात्री होती.

पण गाडी चालेना. म्हणजे चालायची, पण जोर द्यायला गेलं की खोकून बंद पडायची. बार्शीहून येतानाच ती तीनदा बंद पडली होती. शिवाय पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, आणि त्या दिवसांत पेट्रोल इतकं महागलं होतं की लोक उतारावर स्कूटर बंद करून सोडायचे.

विजापूर वेशीपलीकडं एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. पन्नाशीचा माणूस, मेंदीनं रंगवलेली दाढी, अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलणं. त्यानं कार्बोरेटर खोलला. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारा तो डबा आत पार झिजला होता.

“जॉबरसाब, ह्याला कितीबी धुवा, बाजूनं हवा शिरतीच,” तो म्हणाला. “फेको इसकू. एकाच गळ्यानं सहा जणांना पाजायचं म्हंजे कडंचे दोघं उपाशीच ऱ्हातेत. माझ्याकडं दो गले का हाय, भंगारातल्या गाडीचा. बसवू.”

अडचण एकच होती. नव्या कार्बोरेटरला खाली दोन भोकं आणि इंजिनावर एकच. दोघांच्या मध्ये एक जाड पट्टी करून घालायला हवी होती. हे म्हणाले, पट्टी मी करतो. ॲल्युमिनियमचा तुकडा आणून चार दिवस उंबऱ्यात बसून यांनी कानस मारली. भोकाच्या कडेवरनं बोट फिरवून बघायचे, पुन्हा कानस. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कैक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

ज्या दिवशी कार्बोरेटर बसला त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी जेवणाचा डबा घेऊन गॅरेजवर गेले. इंजिन सुरू झालं होतं, पण थरथरत होतं, आणि मागून काळा धूर येत होता. मिस्त्रीनं दोन स्क्रू इकडं तिकडं फिरवले. मग दुसरं कुणी गिऱ्हाईक आलं म्हणून तो बाजूला गेला, तसं यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. मिस्त्री त्या गिऱ्हाइकाला हळूच म्हणाला, “बहिऱ्याचं काम न्हाई हे. इंजन कानानं लावतेत.”

मला ऐकू आलं. यांना नाही, असं वाटून मला बरं वाटलं. पण यांची नजर मिस्त्रीच्या तोंडावर होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, हात पुसले आणि मला म्हणाले, “चल, बस.” ती थरथरती गाडी कशीबशी बोळाच्या तोंडाशी आली.

पुढचे आठ दिवस तिच्यावर ताडपत्री होती. हे सकाळी उठून कुठं पहारेकऱ्याची जागा आहे का ते बघायला जायचे. एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, “भंगारवाला बघून ठेवलाय.”

“का?”

“तू ऐकलंस की त्यादिवशी. खरंच बोलला त्यो. कान न्हाईत मला.”

“माझे आहेत की.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“साठ पोरं एकदम पाढे म्हणतात. मी फळ्याकडं तोंड करून उभी असते. त्यातलं कोण नुसतं तोंड हलवतंय ते मला कळतं. मग सहा सिलिंडर काय?”

 दुसऱ्या दिवशी ते पहारेकऱ्याच्या जागेसाठी गेले नाहीत.

मी मात्र शाळा सुटल्यावर एकटीच गॅरेजवर गेले. मिस्त्रीला म्हटलं, इंजिन नीट चालतं तेव्हा कसं वाजतं, ते मला शिकवा. तो हसायला लागला. मग मी त्याला सांगितलं की त्याचं त्या दिवशीचं बोलणं यांना समजलं होतं.

“ऐकू आलं त्यास्नी?”

“ऐकू नाही आलं. तुमच्या तोंडावरून वाचलं.”

त्याचा चेहरा उतरला. बराच वेळ तो हातातला पाना उगाच फडक्यानं पुसत राहिला. मग त्यानं माझ्यासाठी स्टूल ओढलं.

“बसा बाई.”

त्यानं एका गाडीचं इंजिन सुरू केलं. जाड हातमोजा घालून एका सिलिंडरच्या प्लगची वायर काढली. “कायतरी कमी झालं का?” मला आधी काहीच कळेना. त्यानं वायर लावली, पुन्हा काढली. तिसऱ्या वेळी मला कळलं. रांगेत एक मूल गप बसल्यासारखी मध्येच पोकळी पडत होती. “हौ,” तो खूश होऊन म्हणाला, “ह्येच. सगळे बोलले पायजेत, आन् एका दमात.” निघताना त्यानं हातभर रबरी नळी दिली. एक टोक कानाला लावायचं, दुसरं इंजिनावर फिरवायचं.

रविवारी सकाळी यांनी ताडपत्री काढली. मी पदर खोचून समोर उभी राहिले. हे स्क्रू फिरवायचे आणि माझ्या ओठांकडं बघायचे. मी म्हणायची, “आणखी… थांबा… जरा मागं.” बोळातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज खूप सुधारला, धूर गेला, पण तरी इंजिन मधूनच दचकत होतं. आणि त्या सगळ्या आवाजाखाली मला आणखी काहीतरी ऐकू येत होतं.

“शीळ वाजतेय,” मी म्हटलं.

“कसली शीळ?”

“बारीक. कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ निसटते ना, तशी.”

मी नळी फिरवत गेले. कार्बोरेटरच्या मागच्या कोपऱ्यात आवाज एकदम मोठा झाला. सांगायला जड गेलं, पण सांगितलं, “तुमच्या पट्टीखाली आहे.”

ते ताठ झाले. “पट्टी बराबर हाय. चार दिवस कानस मारलीय.”

“पट्टी वाईट आहे असं मी म्हणत नाही. आवाज तिथनं येतोय, एवढंच म्हणते.”

 मग त्यांनी तेलाचा डबा घेतला आणि फट आहे का ते बघायला त्या सांध्यावर चार थेंब सोडले. तेल क्षणभर थांबलं आणि सुर्रकन आत गेलं. शीळ थांबली, इंजिनाचा सूर बदलला.

“बदलला,” मी म्हटलं.

हे वाकून बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. “पितंय की गं! तितनंच पितंय!”

मग पट्टी बाहेर आली. काचेच्या तावदानावर पॉलिशपेपर ठेवून त्यांनी ती घासली. एक कोपरा चमकेचना. तेवढाच तो वाकलेला होता, केसाएवढा. दुपारचं जेवण उंबऱ्यातच झालं. पट्टी सगळीकडून सारखी चमकायला लागली तेव्हा त्यांनी सांध्यात घालायला नवा गास्केटचा कागद कापला, सगळं बसवलं आणि किल्ली फिरवली.

मी डोळे मिटले. शीळ नव्हती. पोकळी नव्हती. डोळे उघडले तर हे मडगार्डवर तळहात ठेवून माझ्याकडं बघत होते.

“किती?”

“सहाच्या सहा,” मी म्हटलं. दारातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मात्र त्यांना दिसल्या नाहीत. ते माझ्याकडंच बघत होते.

पुढच्या रविवारी तुळजापूरच्या घाटात गाडी नेऊन बघायचं ठरलं. निघायच्या वेळी मिस्त्री सायकलवरून आला. तो यांच्या अगदी समोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “जॉबरसाब, माझं चुकलं.”

हे म्हणाले, “कानानंच लावतेत की इंजन. कान कुणाचे, येवढंच ठरायचं हुतं. बसा मागं.”

घाट सुरू झाला तसा मी नुसती कान देऊन बसले होते. मिस्त्री मागच्या सीटवर पुढं वाकून बसला होता. यांनी पाय दाबला आणि गाडी न खोकता, न अडखळता वर चढत गेली. दुसऱ्या वळणावर एक ट्रक मागं पडला. मिस्त्रीनं यांच्या खांद्यावर थाप मारली.

तुळजापूरच्या स्टँडबाहेर यांनी गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. ते शांतपणे चालू राहतंय का ते त्यांना बघायचं होतं. तेवढ्यात देवीच्या प्रसादाची पिशवी घेतलेली एक म्हातारी, तिची सून आणि दोन नाती गाडीजवळ आल्या. त्यांची एसटी चुकली होती.

“भाड्याची हाय का वो गाडी? सोलापूरला जायाचं हाय,” म्हातारीनं विचारलं.

मी यांना खुणावायला वळले, पण ते तिच्या तोंडाकडंच बघत होते.

“व्हय आज्जी, भाड्याचीच हाय,” ते म्हणाले. “बसा.”

मिस्त्री उतरून पुढं माझ्या शेजारी येऊन अंग चोरून बसला, नातींनी खिडक्या पकडल्या, आणि आम्ही सगळे घाट उतरायला लागलो.