दुर्गाची चिंगी आणि टीचरचा बस्टर

दुर्गा गोताड सिल्व्हर पार्कमध्ये चार घरी स्वयंपाक करते. लहानपणी रत्नागिरीकडे गावात एका कुत्र्याने तिच्या पोटरीचा लचका तोडला, तेव्हापासून तिने कुत्र्यांचा धसकाच घेतला होता. नवघरच्या खोलीत तिने पाळली तीही मांजरच, चिंगी. त्या चार घरांपैकी जोआन टीचरकडे तर त्यांचा म्हातारा कुत्रा बस्टर बांधलेला असल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नसे.

मार्चमध्ये टीचर ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये गेल्या. एकट्या बाई, त्यामुळे चावी दुर्गाकडे आली. वॉचमन बस्टरला खाली फिरवून आणायचा, पण खायला घालायचं काम हिचं. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. दाराकडे बघत नुसता पडून राहिला. तिसऱ्या दिवशी दुर्गा जीव मुठीत धरून त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"खा रे बाबा. येतील टीचर," म्हणत तिने दहीभाताचा घास पुढे केला. बस्टरने हुंगलं आणि दात न लावता अलगद घास उचलला.

आठवड्याने टीचर घरी आल्या. बस्टर त्यांच्यासमोर लोळला, नाचला, आणि मग दुर्गाच्या पायावर डोकं टेकून बसला. तिने पाय मागे घेतला नाही.

"मग आता आपण पण कुत्रा आणायचा का गं आई?" घरी दिव्याने, तिच्या मुलीने, विचारलं.

"नको. मी दिवसभर नसले तरी चिंगीला चालतं. कुत्रा वाट बघत बसतो गं. रोज कुणाला असं ताटकळत ठेवायचं, मला नाही जमणार."