सी-ओ-एमला अडकलेले गुंडूआण्णा

आमच्या शेजारचे गुंडूआण्णा कांबळे पासष्टीत इंग्रजी शिकायला बसले, ही बातमी अख्ख्या कबनुरात मीच पोहोचवली. ताजी बातमी घरात ठेवून नासवायची कशाला?

लेक संघप्रिया ऑस्ट्रेलियात, जावई केरळचा, म्हणून त्यांच्या घरची बोली इंग्रजी. नात अनुजा डिसेंबरात पहिल्यांदाच कबनूरला यायची होती. फोनवर आजा-नात एकमेकांकडे बघून नुसती हसायची. या खेपेला तिच्याशी चार शब्द बोलता यावेत, एवढीच आण्णांची हाव.

पण आण्णांचा जन्म गेला यंत्रमागावर. मागावर सुताचं एक बीम विणून उतरल्याशिवाय दुसरं चढत नाही. डिक्शनरीही त्यांनी तशीच धरली. ए संपला, बी उतरला आणि सी-ओ-एमला गाडी अडकली. एकाच तोंडवळ्याचे शब्द, सगळे सख्ख्या भावांसारखे! संध्याकाळी कुंपणावरून हाक यायचीच.

"वैनी, कंप्लेन?"

"तक्रार. अख्खी गल्ली तुमच्याबद्दल करते ती."

"कंपॅनियन?"

"सोबती. अवो आण्णा, पोरगी उद्या-परवा येणार. जेवलीस का, तेवढं तर शिका!"

"ईट ई मधी हाय. अजून चढलं न्हाय."

"मग तोवर पोर उपाशी?"

"अर्धं बीम उतरवलं की धागा गुततोय, वैनी."

पोरगी आईबरोबर आली. दुसऱ्याच दिवशी पायरीवर तोंड फुगवून बसली. मागांचा खडखडाट, पोरं नुसती टकामका बघणारी. आण्णा शेजारी जाऊन बसले. मी वाळलेलेच कपडे पुन्हा वाळत घालू लागले.

"कंप्लेन?" आण्णांनी हळूच विचारलं.

पोरीनं एकदा बघितलं आणि जो तोंडाचा पट्टा सुटला! रडत, नाक ओढत, हात उडवत. आण्णा मान हलवत होते.

ती श्वास घ्यायला थांबली तशी म्हणाले, "कंप्लीट?"

"नो!" पुन्हा सुरू. शेवटी तीच हुंदका गिळून म्हणाली, "कंप्लीट."

आण्णांनी छातीवर हात ठेवला. "कंपॅनियन."

तिनं त्यांचं बोट धरलं आणि दोघं मागाच्या शेडकडं गेली.

"काय म्हणत होती, कळलं का?" मी नंतर डिवचलं.

"न्हाय. पर संपंस्तवर ऐकलं की."

आमच्या गल्लीत सगळ्यांना सगळ्यांचं कळतं. पण संपेपर्यंत कोण ऐकतंय? मला त्या दिवशी जरा वाईटच वाटलं, मारलेल्या टोमण्यांचंही.

मग सुट्टीभर ती दोघं शेडात. बोलणं थोडंच, एकमेकांना सोडणं मात्र नाही.

जायच्या दिवशी गाडी दारात लागली. अनुजा खिडकीतून हात हलवत होती, आण्णा खांबासारखे उभे.

"बाय म्हणा की आण्णा," मी म्हटलं. "बी तर कधीच उतरलाय!"

आण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खिडकीजवळ वाकले, ए मधला एक आणि सी मधला एक, असे दोन शब्द त्यांनी जोडले.

"कम अगेन."