अक्कांची गाठ

"गाठ दाखव आधी."

विहिरीत बादली पडली म्हणून कुणी रडवेलं होऊन दारात आलं, की अक्का एवढंच म्हणायच्या. दाराच्या कडीला दोर बांधायला लावायच्या, दोन्ही हातांनी ओढून पाहायच्या आणि मगच आढ्याला टांगलेला गळ खाली काढायच्या. लोखंडी आकड्यांचा तो गळ त्यांनी लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतला होता. तो कुणाला नुसता मिळत नसे. गळाबरोबर अक्का यायच्याच.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी नव्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले आणि अक्कांच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात माझी बादली विहिरीत पडली. अक्कांनी माझी गाठ पाहिली आणि खो खो हसल्या. "यव्वा! ही गाठ हाय का येणीची रिबीन? हापिसात फायली अशाच बांधतीस का?" बादली त्यांनी काढून दिलीच, वर गाठ मारायला शिकवलं. तुमच्यापैकी ज्यांनी विहिरीचं पाणी भरलंय त्यांना ठाऊक असेल, गेलेली बादली वर येताना दिसली की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

आता गंमत अशी, की अक्कांच्या घरचं दुकानच दोरांचं होतं. चऱ्हाटं, कासरे, दावी, विहिरीचे दोर. गल्ल्यावर त्यांच्या सासूबाई बसायच्या, कपाळावर विभूती, आवाज खणखणीत. अक्का नवी सून म्हणून आल्या तेव्हा त्यांच्या आईनं निलंग्याहून तांब्याची घागर दिली होती. ती वर्षाच्या आत विहिरीत पडली. सासूबाईंनी तेव्हाच निकाल देऊन टाकला, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला तो ऐकवायच्या. "आमच्या दुकानचा दोर तुटत न्हाई. हिच्या आईनं हिला गाठ शिकिवली न्हाई."

अक्का हसण्यावारी न्यायच्या. पण गळ घडवला होता तो त्या घागरीसाठी. साऱ्या गल्लीच्या बादल्या त्यानं निघाल्या, घागर तेवढी कधी लागली नाही. एकदा मला म्हणाल्या, "घागरीचं काय न्हाई गं. पण माझी आई मरून गेली तरी बोलणं खातीया." तेव्हा मात्र त्या हसल्या नव्हत्या.

मग दुष्काळ पडला. पाणी खाली खाली गेलं, लोक दोर जोडून घेऊ लागले आणि सासूबाईंचं दुकान जोरात चाललं. "दुष्काळ धार्जिणा झाला तो ह्यांनाच," असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत. शेवटी विहीर पार आटली आणि गल्लीनं गाळ काढायचं ठरवलं. गडी खाली उतरले. गाळाच्या पाट्यांतून काय काय वर आलं म्हणून सांगू! बादल्या, तांबे, एक कढई, कुणाची तरी चप्पल. "ही आमची!" "कशावरनं तुमची?" पाण्याचा थेंब नव्हता, पण विहिरीवर जत्रा भरली होती. अक्का मात्र कठडा धरून खालीच बघत होत्या.

दुपारी घागर आली. काळीहिरवी, एका अंगाला चेपलेली, गळ्याशी चिखलाचा गोळा. अक्कांनी तो अंगठ्यानं पुसत नेला. आत काथ्याच्या दोराचा फास निघाला. त्याची गाठ घट्ट होती. दोर तुटला होता तो गाठीच्या वीतभर पुढे.

अक्का घागर कडेवर घेऊन दुकानाकडे धावल्या, मागोमाग आम्ही सगळ्या. "आत्याबाई, बगा! गाठ हाय! दोर तुटलाय तुमचा!"

दुकानात नेमकं गिऱ्हाईक होतं. सासूबाईंनी चष्मा लावला, गाठ दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मग त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "हिच्या आईची गाठ हाय. लई पक्की." आणि सुनेकडे न बघता, "दोर जुना असंल."

अक्का हसता हसता रडायला लागल्या. खरं सांगते, मलाही आवरलं नाही.

पुढे गल्लीत नळ आले, माझी नांदेडला बदली झाली. अक्का गेल्याचं मला फार उशिरा कळलं. भेटायला गेले तर विहिरीवर सिमेंटचं झाकण होतं. गळ मात्र आढ्यालाच होता. अक्कांची सून अंगणात चिंचेनं घागर घासत बसली होती. सगळी घागर तिनं लखलखीत केली, गळ्याभोवतीचा बोटभर पट्टा मात्र हिरवाच ठेवला.

मी विचारलं तशी म्हणाली, "दोर झिजून गेला की कवाच. पण आत्याबाईंनी सांगून ठिवलंय, तितं घासायचं न्हाई. तितं आईची गाठ होती."