शोभेचा सॅक्सोफोन

माझं लग्न एका सॅक्सोफोनमुळं जमलं, आणि त्या सॅक्सोफोनात बोळा होता.

सोनपेठला चुलत बहिणीच्या लग्नात सेलूचा बँड आला होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. पहिल्याच रांगेत एक उंच, सावळा पोरगा सॅक्सोफोन धरून उभा. डोळे मिटलेले, गाल टम्म फुगलेले, मान तर अशी डोलत होती की काय सांगू! वर्षभरानं नात्यातून त्याचंच स्थळ आलं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, ते म्हणाले, पोरगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे ते ठीक, पण बँडवाला जावई केला तर भावकी आयुष्यभर दात काढील. मी म्हणलं, द्यायची तर तिथंच द्या, न्हाईतर घरात ठेवा. दादांनी दिली. भावकीनं दात काढले.

लग्नानंतर मी रोज म्हणायचे, एकदा वाजवून दाखवा. आमच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, रोज नवी सबब. कधी वाद्य दुकानात, कधी घसा बसलेला. दिवाळीला सगळ्यांनी आपापली वाद्यं घासायला घरी नेली तेव्हा आमच्याकडं सॅक्सोफोन आला. चिंच लावून मी तो लख्ख केला, आत हात घातला तर फडक्याचा हा एवढा बोळा निघाला. बोळ्याबरोबर अक्षता सांडल्या, लाल, पिवळ्या, कितीतरी लग्नांच्या. तोंडाशी पत्ती असते, जिच्यामुळं आवाज निघतो, ती तर नव्हतीच.

मग मालकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. लोक बँड माणसांवर ठरवतात. अकरा माणसं सांगितली की अकरा कोट दिसले पाहिजेत. वाजवणारे सहा-सातच. बाकीचे हातात वाद्य घेऊन शोभेला उभे. चुकून एखाद्यानं फुंकलंच तर घात नको, म्हणून आत बोळा. मालक दिसायला बरे, म्हणून कायम पहिल्या रांगेत.

मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. पण माहेरी? माहेरी एक शब्द काढला नाही. कोणत्या तोंडानं काढणार? तिथं मी सांगितलं होतं की आमचे मालक वाजवायला लागले की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचतो.

वर्षं गेली. सेलूत डीजे आले. एका गाडीवर भिंतीएवढे डबे रचायचे आणि म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड करायची, याला आता लग्न म्हणतात. बँडच्या दुकानात दुपारभर माशा. तिथले उस्ताद तेवढे हटायचे नाहीत. तरुणपणी हैदराबादला एका बड्या हॉटेलात ते नाचाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्या संगीताला जॅझ म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. गिऱ्हाईक नसलं की ते तेच वाजवत बसायचे. धरायचे ओळखीचं गाणं, पण मध्येच ते सोडून आपल्या मनानं कुठंतरी फिरून यायचे. सुट्टीच्या दिवशी मालक तिथं असले की मी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि दारात उभी राहून ऐकायचे. मला ते आवडायचं. का, ते विचारू नका.

यंदा माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, पालमजवळ माझ्या माहेरच्या गावातच. दादांनी भावकीच्या बैठकीत जाहीर केलं, डीजे न्हाई. जावयाचा बँड. आणि मंगलाष्टकांच्या आधी जावई एकटा वाजवील, ज्यांनी दात काढले त्यांनी पुढं बसून ऐकावं. फोनवर हे सांगताना दादांचा आवाज असा भरून आला की मी हूं हूं करत राहिले आणि फोन ठेवून मालकांना गाठलं.

मालक म्हणाले, आपण खरं सांगून टाकू. मी म्हणलं, खबरदार. माझ्या बापाचं नाक तुमच्या त्या पितळी नळीत अडकलंय.

उस्तादांनी पत्ती दिली, तोंड कसं धरायचं ते दाखवलं. मालक रोज माळावर जाऊन फुंकू लागले. पहिल्या आठवड्यात शेजारीण विचारून गेली, कुणाची म्हैस अडली का. मग एक मेंढपाळ दारात आला. म्हणाला, ताई, भावजींना दुसरीकडं धाडा, शेळ्या पान्हा चोरायलाय्त. लग्न तोंडावर आलं तेव्हा मालकांना एक सूर आला होता. एकच. पण भरीव, लांब, न हालणारा. खोटं कशाला बोलू, बरा होता.

एका सुरावर कुठं लग्न लागतं? मी त्यांना घेऊन उस्तादांकडं गेले. त्यांनी तो सूर डोळे मिटून ऐकला, पुन्हा ऐकला.

"एकीच सूर आता है ना? उतनाच बजा," ते म्हणाले. "बाकी हम देख लेते."

लग्नाच्या दिवशी मी बहिणीच्या मागं करवली म्हणून दिवा धरून उभी होते. मालकांकडं बघण्याच्या नादात दिवा इतका पुढं गेला की बहीणच म्हणाली, अक्का, माझा शालू जाळशील. दादांनी माइक घेऊन जावयाचं नाव पुकारलं. भावकी पुढंच बसलेली, हसायच्या तयारीत. मालक पांढरेफटक पडले होते. त्यांनी डोळे मिटले आणि तो सूर सोडला.

सूर लांबला. भावकीतला एक जण शेजाऱ्याच्या कानाशी लागला. तेवढ्यात खालून उस्तादांचं क्लॅरिनेट आलं. त्या सुराला हात लावून गेलं, फिरून आलं, पार वर चढलं आणि बरोबर त्यावरच उतरलं. मागून ढोल हळूच. मालक फक्त श्वास घेत आणि तोच सूर पुन्हा धरत. कुणी नाचलं नाही. पण पंगतीची पातेली उतरवणारे हात थांबले, आणि भावकीची तोंडं उघडी ती उघडीच.

सगळे थांबले तरी मालक थांबेनात. भटजी मुहूर्त मुहूर्त करून कावले. शेवटी उस्तादांनी खांद्यावर थाप मारली तेव्हा कुठं डोळे उघडले.

दादा तडक माझ्याकडं आले. मला वाटलं, आता मिरवतील.

"एकच सूर होता," ते हळूच म्हणाले.

मी उगाच दिव्याची वात सारखी करायला लागले.

"हरिनामाच्या सप्त्यात मी वीणा धरून उभा राहतो, तवा तरी किती सूर असतात गं?" दादा म्हणाले. "गाणारे दुसरेच असतात. पण लोक आधी पाया पडतात ते वीणा धरणाऱ्याच्या."

आणि त्यांनी जाऊन जावयाचा हात धरला आणि मालकांना मांडवात आपल्या शेजारी बसवलं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी दिवा घेऊन हमसून हमसून रडायला लागले. बायकांना वाटलं, बहीण सासरी निघाली म्हणून रडायलीय. वाटू दे.