नावाच्या आधीची जागा

"भिऊन वाचा, काकू."

लग्नपत्रिकेचा पहिला कागद माझ्या हातात देताना तो हे म्हणायचाच. "नीट वाचा म्हणलं की मानूस भरभर वाचतंय," असं त्याचं म्हणणं. मग मी शिलाई मशीन थांबवायची, चष्मा चढवायची आणि मोठ्यानं वाचायला लागायची. तो समोर हात मागे बांधून उभा राहायचा, आणि मी एखाद्या नावापाशी श्वास घ्यायला थांबले तरी त्याचा चेहरा उतरायचा.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला आमची दुकानं शेजारी शेजारी. माझं ब्लाउज शिवायचं, त्याचं डिझायनिंगचं. बॅनर, पत्रिका, दुकानांच्या पाट्या असली कामं. शहरातल्या कॉलेजात चित्रकला शिकून आला होता. दुकानात पुढं कंप्युटर होता आणि मागं पडद्याआड ब्रश, रंगाचे डबे, स्क्रीन प्रिंटिंगच्या लाकडी चौकटी. गिऱ्हाईक असेपर्यंत पुढं बसायचा. गिऱ्हाईक गेलं की पडद्याआड, आणि मग हाका मारून आपला घसा बसला तरी ओ द्यायचा नाही.

त्याला एक वेड होतं. तुमच्याही गावात पिठाच्या गिरणीवर, सलूनवर रंगाऱ्यानं हातानं लिहिलेली एखादी जुनी पाटी असेल. अशा पाट्यांवर तो बटर पेपर लावायचा आणि पेन्सिलीनं अक्षरं उतरवून आणायचा. आपल्या जिल्ह्यातल्या हातांनी काढलेली पूर्ण बाराखडी त्याला तयार करायची होती. कुणाचा 'ग' आणला, कुणाचा 'ठ' आणला, की लोक जशी नवी सून दाखवतात तसा मला दाखवायचा. 'ळ' मात्र त्याला पसंत पडेना.

"अरे, गावोगावी ळ पडलेत," मी म्हणायची. "पिंपळगाव म्हणू नको की वडाळा म्हणू नको."

"लई हायेत काकू. पन बराबर पोटाचा एक न्हाई."

आता ती पत्रिकेची गोष्ट सांगते, म्हणजे 'भिऊन वाचा' कुठून आलं ते कळेल.

ऐन लग्नसराईत कुंभार पिंपळगावचं एक काम आलं. पूर्वी मेंढरं राखणारं, आता शेती करणारं घर. त्यांच्या भावकीतल्या एका घरची पत्रिका यानंच आदल्या साली केली होती. त्या घरचे आजोबा वारलेले, त्यामुळे त्यांच्या नावाआधी 'कै.' होतं. यानं तीच पत्रिका कंप्युटरवर उघडली, नावं बदलली आणि छापायला पाठवली. 'कै.' तसंच राहिलं. मी तेव्हा लेकीकडे गेले होते, आणि पत्रिका वाचून घ्यायची पद्धत तोवर सुरूही झाली नव्हती.

पुढचं सगळं मला नवरदेवाच्या बापानंच सांगितलं. पत्रिका हसनाबादच्या पाहुण्यांकडे पोचली. दुसऱ्या दिवशी तिथल्या बायका जीप करून आल्या आणि पदर तोंडाला लावून दारातच गळा काढला. नवरदेवाचे आजोबा, म्हातारबा, ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते.

"कोन गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"तुमीच की, मामा!" एक बाई हुंदक्यातच बोलली, आणि मग तिनं मान वर करून पाहिलं.

घर हसून हसून लोळलं. पत्रिका उलटसुलट करून पाहिली तेव्हा 'कै.' सापडलं. म्हातारी म्हणाली, कावळा शिवला की मेल्याचा खोटा सांगावा धाडत्यात, तसं झालं, आता म्हाताऱ्याचं आयुष्य वाढलं. पण दुपारी म्हातारबांच्या छातीत कळ आली. घामानं सदरा भिजला. त्यांना जालन्याला दवाखान्यात नेलं, आणि सकाळी हसलेलं सगळं घर मागोमाग धावलं.

नवरदेवाच्या बापानं याला फोन केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "म्हातारा दवाखान्यात हाय. तुमी काय लिवलं ते बघा येकदा."

तो पत्रिका घेऊन माझ्या दुकानात आला. मी त्याच दिवशी परतले होते. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"काकू, म्या मारलं त्यांला."

"गप बस. अक्षरानं कुठं माणूस मरतो?"

बोलायला बोलले, पण खोटं कशाला सांगू, मीही घाबरले होते. दिवेलागणीला वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, वास्तू तथास्तु म्हणते, हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. इथं तर शब्द छापून गावोगाव वाटला होता.

"हातानं लिवलं असतं तर झालं नसतं," तो म्हणाला. "कै. लिवताना हात थांबतोच काकू. इचारतो, खरंच गेलं का मानूस? ह्यो कंप्युटर थांबतच न्हाई."

त्यानं कंप्युटर बंद केला आणि पडद्याआड जाऊन 'श्री.' लिहायला बसला. वेलांटी धड वळेना. लिहायचा, टाकून द्यायचा, पुन्हा लिहायचा. जमिनीवर नुसती 'श्री' पडलेली, पाय ठेवायला जागा नाही. शेवटी एक मनाजोगती झाली. तिच्यापुढं म्हातारबांचं नाव लिहिलं, आणि तेवढ्यावर न थांबता सगळी पत्रिका नव्यानं हातानं लिहून चौकटीवर छापायला घेतली. ओल्या पत्रिका मी माझ्या दुकानात दोरीवर वाळत घातल्या. मधेच त्याचा फोन वाजला की तो माझ्याकडे सरकवायचा. "तुमी उचला." मी देवाचं नाव घेऊन उचलायची. एकदा कुणी तरी वाढदिवसाच्या बॅनरवर सिंहाचा फोटो टाकाल का म्हणून विचारत होता. त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रिका वाळल्या. एकट्यानं जायची त्याची छाती होईना, म्हणून मी सोबत गेले. बसमध्ये तो पत्रिका मांडीवर धरून बसला. दवाखान्याचा जिना चढताना त्यानं माझा पदर धरला, एवढा मोठा माणूस.

म्हातारबा जागे होते. नाकात नळी होती. नवरदेवाचा बाप आमच्याकडे बघून उठला आणि बाजूला सरकला.

"बाबा, पत्रिका आनली दुसरी," तो म्हणाला.

"मला कुठं वाचाया येतंय? म्हन तूच."

तो वाचू लागला. नावापाशी आला आणि अडकला.

"माज्या नावाम्होरं आदी काय व्हतं रे?" म्हातारबांनी विचारलं.

यानं माझ्याकडे पाहिलं.

"कै.," तो शेवटी म्हणाला.

"आन आता?"

"श्री."

म्हातारबांनी पत्रिका जवळ ओढली आणि अंगठा फिरवला. चौकटीवर छापलेली शाई बोटाला उंच लागते. "पक्कं हाय का?"

"बिलकुल पक्कं, बाबा. हातानं लिवलंय."

"मंग ऱ्हातो," म्हातारबा म्हणाले आणि डोळे मिटून झोपले.

राहिले ते. लग्नात फेटा बांधून खुर्चीवर बसले होते. याची भीती मात्र गेली नाही. पिंपळगावचं कुणीही हायवेवर उतरलं की हा ब्रश टाकून रस्ता ओलांडायचा. "म्हातारबा बरे हायेत ना?" लोक हसायचे, मीही हसायची. त्यानंतरच 'भिऊन वाचा' सुरू झालं.

पुढं त्यानं स्वतःच्या दुकानाचा फाटका फ्लेक्स उतरवला आणि हातानं पाटी रंगवली. काय नाव लिहिलं होतं! ट्रकवाले वेग कमी करून बघायचे. पण नावाच्या आधी जागा मोकळी सोडली होती.

"श्री राहिलं की रे," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या काकू. ती जागा आपली न्हाई."

"अभद्र बोलू नकोस!" मी खरोखर चिडले. दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

मागच्या हिवाळ्यात कुणी तरी त्याला सांगितलं की कुंभार पिंपळगावकडं एका बंद गिरणीवर झकास 'ळ' आहे. सकाळीच मोटरसायकल काढली. "म्हातारबांलाबी भेटून येतो," म्हणाला.

"भिऊन चालव," मी चेष्टेनं म्हटलं.

परत येताना वाळूच्या टिप्परनं त्याला उडवलं. गाडीचा चेंदामेंदा झाला. पाठीवरच्या पिशवीत बटर पेपरची गुंडाळी होती, ती त्याच्या भावानं मला आणून दिली. तिच्यावर पोट भरलेला, ऐसपैस 'ळ' होता.

श्रद्धांजलीच्या बॅनरचा कागदही भाऊच घेऊन आला. दुसऱ्या कुणाकडून करून घेतला होता. "तुमी वाचा काकू, तुमीच वाचायचात ना?" मी खालून वर वाचत गेले. शोकाकुल कोण, दशक्रिया कुठं. वर पोचायला मला फार वेळ लागला.

दहाव्यानंतर म्हातारबा आले, काठी टेकत. बंद शटरसमोर उभे राहिले आणि पाटीकडे बोट करून मला विचारलं, "काय लिवलंय?"

मी नाव सांगितलं.

"नावाम्होरं?"

"काही नाही बाबा. मोकळी जागा आहे."

त्यांनी पुन्हा वर बघितलं. "माजं अक्षर पोरगं सोताला घिऊन गेलं," म्हणाले आणि माझ्या पायरीवर बसून रडले. मला त्या वाक्याची तेव्हा भीती वाटली. अजून वाटते. टिप्परनं माणूस मरतो, अक्षरानं नाही, हे मला कळतं. तरी वाटते.

परवा भाऊ विचारत होता, पाटीवरची ती जागा भरून घेऊ का. मी नको म्हटलं.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं सांगितलंत काकू, त्याचं नाव काही सांगितलं नाहीत. लिहायला बसले होते हो. पण नाव लिहायचं म्हणजे त्याच्या आधी काही तरी लिहावं लागतं, आणि तिथं आलं की हात थांबतो.