मिठाच्या वाटेवरचा कवड्या

तारापूरच्या खाडीकाठचं मीठ बैलांच्या पाठीवर लादून पुंडलिकने वीस वर्षं जव्हारच्या डोंगरात नेलं. आजा नेत होता, बाप नेत होता, म्हणून तोही. कार्तिकात नद्यांचं पाणी उतरलं की सात बैल निघायचे, शेवटची काही वर्षं पुढे म्होरक्या कवड्या. मनोर मागे टाकून चौथ्या दिवशी डोंगरातल्या पाड्यावर पोचलं की मिठाला नाचणी, पायलीला पायली. माप घ्यायला ठकी पुढे व्हायची. ऐन तारुण्यात नवरा गेलेली बाई. मापाआधी ती कवड्याला ओंजळभर नाचणीचा कोंडा चारायची. पुंडलिकशी फार बोलत नसे, पण त्या न झालेल्या बोलण्यावर हा बाबा वर्ष काढायचा.

मग मनोरच्या बाजारात ट्रकने मीठ येऊ लागलं, स्वस्त आणि पांढरंशुभ्र. धंदा बसला. सहा बैल विकले आणि पुढे उरलेल्या कवड्याला घेऊन पुंडलिक अणुवीज केंद्राच्या बांधकामावर पाण्याच्या गाडीला लागला.

गावच्या नरहरी मास्तरांना त्याचं भारी कौतुक. “पुंडलिका, सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल अशाच घाटवाटांनी नाशिक-पैठणला जायचा. त्या जकातीवर राज्यं पोसली. वाट वळली की शहरं ओस पडायची.” मास्तर हे अशा तोऱ्यात सांगत, जणू जकात त्यांनीच वसूल केली होती.

“राजांचं मला ठावं नाय, मास्तर. पन वाट बंद झाली की मानसानं कुनाकडं जायाचं, ते पुस्तकात हाय का?”



सदुसष्टच्या कार्तिकात एका सकाळी दावं तुटलेलं आणि कवड्या गायब. कोणी किनाऱ्याकडे धावलं, कोणी शेजारच्या कुंभवली गावाकडे. पुंडलिकने मात्र धोतर खोचून मनोरचा रस्ता धरला. खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला होता. मिठाशिवाय कोणत्या तोंडाने जायचं, म्हणून सहा वर्षं तो झुरत बसला होता. आता कारण मिळालं.

कवड्या ठकीच्या दारात कोंडा खात उभा होता. ठकीचे केस पिकले होते.

“बैल शोधाया आलो,” पुंडलिक म्हणाला.

“त्यो कालच आला. तुमाला सा वर्सं लागली.”

ती आत गेली आणि चुलीमागचं मडकं घेऊन आली. त्यात त्याच्या शेवटच्या फेरीचं मीठ होतं, काळपट, दगड झालेलं. दर पावसाळ्यात त्याला पाणी सुटे आणि दर वर्षी ती ते उन्हात वाळवी.

“खायाला मनोरचं आनते. यातला खडा नाय मोडला. ह्ये संपलं तर तुमचं येनंबी संपलं, आसं वाटायचं.”

पुंडलिकने मडकं हातात घेतलं. “ठके, या खेपंला मीठ नाय आनलं मी.”

“मीठ कुनी मागितलं?”

तो बैल घेऊन परतला तेव्हा बांधकामावरच्या मुकादमाने चार शिव्या हासडल्या, नवं जाड दावं दिलं आणि घट्ट बांध म्हणून बजावलं. पुंडलिकने वर्षभर ते घट्टच बांधलं. पुढच्या कार्तिकात वाटेवरच्या सूर्या नदीचं पाणी उतरल्याचं कानावर आलं, त्या संध्याकाळी त्याने कवड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि दावं खुंट्याला नुसतंच गुंडाळून ठेवलं.